डिस्पोजरचे लाल बटण वारंवार का उडते? मूळ कारण शोधण्याची रीत

सिंकखाली बसवलेला डिस्पोजर, म्हणजे खरकटे बारीक करून पाण्याबरोबर पाईपमध्ये सोडणारे यंत्र, चालता चालता बंद पडतो, त्याच्या बुडाशी असलेले लाल बटण बाहेर आलेले दिसते, ते दाबले की यंत्र पुन्हा सुरू होते आणि थोड्याच दिवसांनी तोच प्रकार पुन्हा घडतो, अशी तक्रार कोल्हापुरातील राजारामपुरी, ताराबाई पार्क, रुईकर कॉलनी अशा भागांतील फ्लॅटमध्ये राहणाऱ्या परिचितांकडून माझ्या कानावर अनेकदा आली आहे. बहुतेक घरांत यावर एकच उपाय चालू असतो, तो म्हणजे बटण दाबत राहणे. मोटारीत ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त वीजप्रवाह गेला किंवा ती फार तापली की हे बटण तिचा पुरवठा तोडते. म्हणजे ते मोटारीच्या रक्षणासाठीच आहे. ते वारंवार उडत असेल तर मोटारीवर वारंवार अवाजवी भार येत आहे, आणि तो कोठून येतो हे शोधल्याशिवाय बटण दाबत राहिल्यास शेवटी मोटारीचे वाइंडिंग, म्हणजे आतील तारेची वेटोळी, जळते.

कारण शोधण्यासाठी यंत्राची आतली रचना थोडी माहीत असावी लागते. डिस्पोजरमध्ये धारदार पाती नसतात. आत एक गोल पोलादी तबकडी फिरते, तिच्यावर सैल बसवलेले दोन किंवा अधिक ठोकळे असतात आणि तबकडीभोवती दातेरी, स्थिर कडे असते. तबकडी वेगाने फिरली की खरकटे बाहेरच्या बाजूला फेकले जाते, ठोकळ्यांच्या रेट्याने कड्यावर घासून बारीक होते आणि तो चुरा पाण्याबरोबर कडेच्या फटींतून खाली उतरून पाईपमध्ये जातो. पाणी थांबले किंवा पुढे जायला जागा उरली नाही तर चुरा तिथेच साचतो आणि तबकडीला चिखलात फिरावे लागते. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या रसीन येथील वास्तुविशारद जॉन हॅम्स यांनी १९२७ मध्ये हे यंत्र तयार केले आणि १९३५ मध्ये त्यांना त्याचे पेटंट मिळाले. त्यांच्यासमोर होते तिथले स्वयंपाकघर. आपल्या स्वयंपाकघरातून निघणारा नारळाचा चोथा, कणकेचा लगदा, मटणाची नळी आणि चहाचा गाळ हा माल निराळा आहे, हे लक्षात घेऊनच पुढची तपासणी करावी.

आधी सुरक्षितता

कोणतीही तपासणी करण्यापूर्वी डिस्पोजरचा प्लग सॉकेटमधून काढून ठेवावा. नुसता स्विच बंद करून भागत नाही, कारण घरातील दुसरे कोणी तो अनवधानाने चालू करू शकते. प्लगऐवजी थेट जोडणी असेल तर त्या लाइनचा एमसीबी (वीजपेटीतला पुरवठा तोडणारा स्विच) पाडावा आणि घरातल्यांना तसे सांगून ठेवावे. आत हात कधीही घालू नये. बॅटरीच्या उजेडात पाहावे आणि अडकलेली वस्तू लांब चिमट्याने किंवा पकडीने काढावी. तुंबलेला डिस्पोजर मोकळा करण्यासाठी कॉस्टिक सोडा किंवा ॲसिड ओतण्याची सवय तर पूर्णपणे सोडावी. त्याने आतील रबरी सील आणि धातूचे भाग खराब होतात, आणि पुढे तो पाईप उघडणाऱ्या प्लंबरच्या अंगावर तेच द्रावण उडते.

बटण नेमके कोणत्या क्षणी उडते?

माझ्या मते निदानातील सर्वांत उपयोगी प्रश्न हाच आहे, आणि तोच बहुधा कोणी विचारत नाही. बटण दाबून, थंड पाणी सोडून, यंत्रात काहीही न टाकता ते चालू करावे आणि कान देऊन ऐकावे. चालू करताच नुसता घुमल्यासारखा आवाज येऊन काही सेकंदांत बटण उडाले, तर तबकडी अडकली आहे किंवा मोटारीला सुरुवातीचा जोर मिळत नाही. रिकामे यंत्र नीट चालते आणि खरकटे टाकल्यावर थोड्या वेळाने बटण उडते, तर दोष बहुधा यंत्राच्या बाहेर, म्हणजे टाकलेल्या मालात, पाण्यात, निचऱ्यात किंवा व्होल्टेजमध्ये आहे. रिकामे यंत्रही काही मिनिटांत तापून बंद पडत असेल, तर बेअरिंग किंवा वाइंडिंगकडे संशय जातो.

आवाजच येत नसेल आणि बटणही आत असेल, तर प्रकरण बरेचदा साधे असते. त्याच सॉकेटवर दुसरे एखादे उपकरण लावून वीज येते का ते पाहावे. ओट्यावर हवेच्या दाबावर चालणारे बटण बसवलेले असेल तर त्यापासून खाली जाणारी बारीक नळी निसटली आहे का तेही पाहावे. सिंकखाली सिलिंडर किंवा डबे सरकवताना ती सहज निघते.

घुमतो पण फिरत नाही

प्लग काढल्यावर यंत्राच्या बुडाशी मधोमध षटकोनी खाच दिसते. पुष्कळ मॉडेलमध्ये ती पाव इंच मापाची असते आणि तिच्यासाठी यंत्राबरोबर एक ॲलन की मिळते. ती हरवली असेल तर हार्डवेअरच्या दुकानातून त्याच मापाची आणावी. ६ मिलिमीटरची की तिथे किंचित सैल बसते आणि जोर लावला की खाचेचे कोपरे झिजवते. की खाचेत बसवून ती आधी एका दिशेने, मग दुसऱ्या दिशेने थोडी थोडी हलवत न्यावी, जोपर्यंत तबकडी पूर्ण फेरा मोकळेपणाने घेत नाही. बुडाशी खाच नसलेल्या मॉडेलमध्ये वरून जाड लाकडी दांडा घालून ठोकळ्याच्या कडेला टेकवून तबकडी रेटावी. त्यानंतर अडकलेली वस्तू काढावी, दहा-पंधरा मिनिटे मोटार गार होऊ द्यावी, लाल बटण दाबावे, पाणी सोडावे आणि मगच यंत्र चालू करावे. गरम मोटारीचे बटण दाबले तर ते आत बसत नाही, आणि लोक बटणच खराब झाले असे समजतात.

काय अडकले होते ते जरूर पाहून ठेवावे. चमचा, बाटलीचे झाकण किंवा तारेच्या घासणीचा तुकडा निघाला तर तो एकदाच घडलेला अपघात समजावा. दर खेपेला हाडाचा तुकडा किंवा करवंटीची कपची निघत असेल तर यंत्रात काहीच दोष नाही. कोल्हापुरात रविवारी मटण शिजते त्या घरांना हे विशेष सांगावेसे वाटते. कोंबडीची बारीक हाडे बरेच डिस्पोजर पचवतात, पण मटणाची नळी आणि सांध्याची हाडे घरगुती मोटारीच्या आवाक्याबाहेरची आहेत. ती ठोकळा आणि कडे यांच्यामध्ये पाचरीसारखी बसतात.

सुट्टीत किंवा गावच्या जत्रेला घर काही आठवडे बंद ठेवून परत आल्यावर पहिल्याच दिवशी यंत्र घुमत राहिले, तर आत काहीही अडकलेले नसू शकते. ओल राहिल्याने तबकडी आणि कडे यांच्यामध्ये गंज धरतो आणि तबकडी जागच्या जागी चिकटते. ॲलन कीने ती सुटते. बाहेरगावी जाण्यापूर्वी यंत्र भरपूर स्वच्छ पाण्याने चालवून आतला चुरा धुऊन टाकला तर हा प्रकार बराच कमी होतो.

कीने तबकडी सहज फिरते आणि तरीही यंत्र नुसते घुमते, अशी स्थिती असेल तर कारण विजेचे आहे. एकतर व्होल्टेज फार कमी आहे, किंवा मोटारीला सुरुवातीचा धक्का देणारा कपॅसिटर अथवा स्टार्टिंग स्विच निकामी झाला आहे. प्लग काढल्यानंतरही कपॅसिटरमध्ये विद्युतभार शिल्लक राहू शकतो, म्हणून हे काम जाणकार मेकॅनिककडेच द्यावे.

रिकामा चालतो, पण भाराखाली बंद पडतो

वारंवार येणाऱ्या तक्रारींचे खरे मूळ माझ्या पाहण्यात सर्वाधिक वेळा येथेच सापडले आहे, म्हणून याकडे सावकाश पाहू.

पहिली गोष्ट पाण्याची. घरगुती डिस्पोजर चालू असताना मिनिटाला साधारण ६ ते ८ लिटर पाणी सतत वाहावे लागते. आपल्या नळाला ते मिळते का, हे मोजणे सोपे आहे: १५ लिटरची बादली सिंकच्या नळाखाली धरून ती दोन ते अडीच मिनिटांत भरते का, ते पाहावे. पाणी वाचवण्यासाठी नळाच्या तोंडावर बसवलेल्या जाळीदार नोझलमधून कित्येकदा याच्या निम्मेही पाणी येत नाही. वरच्या मजल्यावर, टाकीच्या अगदी खाली असलेल्या घरांत दाबही कमी असतो. शिवाय पाणी येणार नाही त्या दिवशी टाकीतले पाणी पुरवून वापरायचे म्हणून नळ बारीक सोडणे, ही आपल्याकडची स्वाभाविक सवय आहे. ती चुकीची नाही, पण त्या दिवशी डिस्पोजर वापरू नये. खरकटे घंटागाडीच्या ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकावे.

पाणी थंडच असावे. मटणाची चरबी सुमारे ४० अंश सेल्सिअसच्या खाली घट्ट होऊ लागते आणि खोबरेल तेल सुमारे २४ अंशांच्या खाली. गरम पाण्याबरोबर ही स्निग्धता पातळ होऊन यंत्रातून निघून जाते, पण पुढे भिंतीतल्या गार पाईपमध्ये पोचली की तिथे थिजते आणि तिच्यावर चुरा चिकटत जातो. थंड पाण्यात ती घट्ट गोळीच्या रूपात राहते, चुऱ्यासोबत दळली जाते आणि वाहून जाते. पांढऱ्या रश्श्याचे पातेले किंवा मिसळीच्या कटाची कढई सिंकमध्ये विसळण्याआधी तिच्यातला तवंग जुन्या कागदाने पुसून घेणे हा मात्र याहून उत्तम मार्ग होय. डिसेंबर-जानेवारीत सिंक अचानक सावकाश रिकामे होऊ लागते असे अनुभवास येत असेल, तर आधी या तवंगाचा विचार करावा.

दुसरी गोष्ट मालाची. यंत्राला कठीण पदार्थांपेक्षाही धाग्याचे आणि चिकट पदार्थ अधिक छळतात. शेवग्याच्या शेंगांची चिपाडे, घेवड्याच्या शिरा, केळीच्या आणि कांद्याच्या साली, कोथिंबिरीच्या जुड्यांचे देठ, मक्याची पाने आणि उसाची चिपाडे यांचे धागे तुटत नाहीत. ते ठोकळ्यांना गुंडाळले जातात, ठोकळे सैल फिरायचे थांबतात आणि दळणे मंदावते. वाटणासाठी नारळाचे दूध काढून उरलेला चोथा दिसायला मऊ असला तरी तो पाणी धरून ठेवतो आणि एकदम टाकला तर गच्च बसतो. चपातीच्या कणकेचा गोळा किंवा परातीला लागलेले पीठ पाण्यात गेले की त्यातील ग्लूटेनमुळे चिवट लगदा होतो. भाकरीच्या ज्वारीच्या पिठात ग्लूटेन नसते, त्यामुळे ते तितके चिवट होत नाही, तरी मोठ्या प्रमाणात तेही खळीसारखे साचते. उरलेला भात मूठभर असेल तर चालतो, पातेलेभर चालत नाही. चहाचा गाळ यंत्रातून विनासायास जातो, पण जड असल्याने पुढे ट्रॅपच्या (पाणी धरून दुर्गंधी अडवणाऱ्या पाईपच्या भागाच्या) तळाशी बसतो, म्हणून तो झाडांना घालणेच योग्य.

पंगतीनंतरचे सगळे खरकटे एकदम कोंबून मग यंत्र चालू करण्याची रीत बहुतेक घरांत आढळते आणि बटण उडण्यास ती हमखास कारणीभूत होते. क्रम उलटा हवा: आधी पाणी, मग यंत्र, आणि त्यानंतर थोडे थोडे खरकटे. झाकण फिरवल्यावरच सुरू होणाऱ्या मॉडेलमध्ये खरकटे आधी भरावे लागते. तिथे भांडे अर्ध्यापेक्षा जास्त भरू नये. दळण्याचा आवाज हलका झाल्यावरही अर्धा मिनिट पाणी वाहू द्यावे, कारण यंत्र मोकळे झाले तरी चुरा अजून पाईपमध्येच असतो.

तिसरी गोष्ट व्होल्टेजची, आणि ती सहसा दुर्लक्षित राहते. आपला घरगुती पुरवठा २३० व्होल्टचा धरलेला असतो. बऱ्याच डिस्पोजरमध्ये असते त्या इंडक्शन मोटारीचा फिरवण्याचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. म्हणजे व्होल्टेज १८० पर्यंत उतरले तर जोर जवळपास ६० टक्क्यांवर येतो, आणि तेवढेच दळण्यासाठी मोटार जास्त प्रवाह ओढून तापते. संध्याकाळी किंवा इमारतीचा पंप चालू असतानाच बटण उडते, असे लक्षात आले तर इलेक्ट्रिशियनकडून यंत्र चालू असताना सॉकेटवरचे व्होल्टेज मोजून घ्यावे. पंप बंद असतानाचे आकडे येथे कामाचे नाहीत. डिस्पोजर बारीक वायरीच्या एक्स्टेन्शन बोर्डावर चालवत असाल तर व्होल्टेजची घट त्या वायरीतच होत असेल. त्याला योग्य जाडीच्या वायरीचा आणि पक्क्या अर्थिंगचा स्वतंत्र पॉइंट हवा.

याच संदर्भात परदेशातून नातेवाइकांनी आणलेल्या यंत्रांविषयी सांगितले पाहिजे. अमेरिकेत वापरासाठी बनवलेला डिस्पोजर सुमारे १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झचा असतो. येथे तो स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लावून चालवला तर व्होल्टेज जुळते, परंतु ट्रान्सफॉर्मर फ्रीक्वेन्सी बदलत नाही आणि ती ५० हर्ट्झच राहते. त्यामुळे इंडक्शन मोटारीचा वेग सहाव्या हिश्शाने घटतो, तिच्या गाभ्यातील चुंबकीय भार वाढतो आणि रिकामी असतानाही ती अधिक प्रवाह ओढून तापते. अशा यंत्राचे बटण वारंवार उडणे अपेक्षितच आहे, आणि प्लंबर बदलून ते थांबणार नाही. नामपट्टीवर ५० हर्ट्झ किंवा ५०/६० हर्ट्झ लिहिलेले आहे का, हे पाहिले की पाच मिनिटांत निर्णय होतो.

चौथी गोष्ट निचऱ्याची. तो तपासण्यासाठी यंत्र बंद ठेवून सिंकला बूच लावावे, सिंक निम्मे भरावे आणि बूच काढावे. पाणी भोवरा करत झटकन उतरले तर निचरा ठीक आहे. ते रेंगाळले किंवा जोडसिंकच्या दुसऱ्या भांड्यात वर आले तर अडथळा डिस्पोजरच्या पुढे आहे. पुष्कळ घरांत सिंकचा मूळचा घड्या असलेला फ्लेक्झिबल पाईपच डिस्पोजरला जोडलेला असतो आणि त्याच्या प्रत्येक घडीत चुरा साठतो. त्याजागी आतून गुळगुळीत, ४० मिलिमीटरचा पीव्हीसी पाईप हवा आणि त्याला दर मीटरला किमान २ सेंटिमीटर उतार हवा. बाटलीच्या आकाराचा ट्रॅपही या कामाला योग्य नाही, कारण त्याच्या तळाशी गाळ बसतो. साधा वळणाचा पी-ट्रॅप घ्यावा. पाईप पुढे मोरीतल्या नहाणी ट्रॅपमध्ये सोडलेला असेल तर त्याची जाळी उचलून तळाशी बसलेला गाळ दर महिन्याला काढावा लागतो. सर्वांत खालच्या मजल्यावरील घरात यंत्र न चालवताही सिंकमध्ये पाणी वर येत असेल, तर तो संपूर्ण इमारतीच्या लाइनचा किंवा चेंबरचा प्रश्न आहे आणि तो सोसायटीनेच सोडवायला हवा.

सांडपाणी सेप्टिक टाकीत जाणाऱ्या घरांनी, विशेषतः शहराच्या कडेच्या वसाहतींनी, डिस्पोजर अगदी मर्यादित वापरावा. चुऱ्यामुळे टाकीतला गाळ लवकर वाढतो आणि उपशाचा खर्च आधीच येतो. पावसाळ्यात पंचगंगेची पातळी वाढलेली असताना सखल भागातील गटारे उलटी भरतात; २०१९ आणि २०२१ च्या महापुरात हे आपण पाहिले आहे. त्या दिवसांत डिस्पोजर बंद ठेवावा. पुराचे पाणी सिंकखालच्या कपाटात शिरले असेल तर मेकॅनिकने मोटार उघडून, वाळवून, इन्सुलेशन तपासेपर्यंत तिला वीज देऊ नये.

गळती, आणि दुरुस्ती की नवे यंत्र

गळती वरून, सिंकच्या तोंडाशी असेल तर तिथले सीलिंग नव्याने करावे. बाजूच्या पाईपच्या जोडातून असेल तर वॉशर बदलून स्क्रू एकसारखे आवळावेत. दोन्ही कामे स्वस्त आहेत आणि कोणताही प्लंबर करतो. पाणी लाल बटणाच्या आसपास, यंत्राच्या बुडातून ठिबकत असेल तर मात्र तबकडीखालचे सील गेले आहे आणि पाणी मोटारीत उतरले आहे. अशा वेळी घरातील ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) पडू लागतो. तो वगळून यंत्र चालवण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नये. ओल्या हातांनी स्टीलच्या सिंकपाशी उभ्या असलेल्या माणसाच्या जिवाचा तो प्रश्न आहे.

नुसते वाइंडिंग जळले असेल तर कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगर या कारखान्यांच्या भागात मोटार रिवाइंड करून (नव्या तारेची वेटोळी घालून) मिळते आणि तिथल्या कारागिरांचे हात या कामात तयार आहेत. पण रिवाइंडिंगला देण्यापूर्वी तबकडीखालचे सील आणि बेअरिंग त्याच मॉडेलचे मिळते का, हे विक्रेत्याकडे विचारून घ्यावे. ते मिळत नसेल तर रिवाइंडिंगवर पैसे घालू नयेत, कारण जुन्या सीलमधून झिरपणारे पाणी नव्या वाइंडिंगलाही खराब करील. नवे यंत्र घेतले तर ते बसवण्याच्या दिवशीच फ्लेक्झिबल पाईप आणि बाटली ट्रॅप काढून टाकण्यास प्लंबरला सांगावे.